ड्राय फ्लाय आडवी पडते, बुडते किंवा टिपेटला पीळ देते: पंखाच्या दोषाची क्रमवार तपासणी

मराठवाड्यात ट्राउट नाही. या माशाला वर्षभर थंड, प्राणवायूने भरलेले वाहते पाणी लागते, आणि आपल्या गोदावरीचे, पूर्णेचे किंवा मांजरेचे उन्हाळ्यातले पाणी त्याला मानवणारे नाही. तरीही छत्रपती संभाजीनगरपासून नांदेडपर्यंतच्या पट्ट्यात घरी बसून ड्राय फ्लाय (गळावर पिसे-केस बांधून केलेली, पाण्यावर तरंगणारी कृत्रिम माशी) बांधणारी, आणि सुटी मिळाली की सचखंड एक्सप्रेसने उत्तर गाठून पुढे हिमाचलात तीर्थन किंवा बरोटच्या उहल नदीवर जाणारी हौशी मंडळी आहेत. त्यांनी बांधलेल्या माश्या दुरुस्तीसाठी माझ्याकडे येत असतात आणि त्यांपैकी बहुतेकींचे दुखणे एकाच ठिकाणी सापडते, ते म्हणजे पंख. नदीकाठी राहणाऱ्याला रात्री बांधलेली माशी सकाळी पाण्यावर टाकून पाहता येते; आपल्याला मात्र दोष कळतो तो दीड हजार किलोमीटरहून दूर, परवाना काढून, थंड पाण्यात पाय रोवून उभे राहिल्यावर. त्यामुळे आपली तपासणी घरीच आणि पुरती झाली पाहिजे.

पंख बिघडला की बहुतेक जण आधी साहित्य बदलतात: बदकाचे पीस जाऊन केस येतात, केस जाऊन सीडीसी (बदकाची खास मऊ पिसे) येते, आणि प्रत्येक वेळी पार्सलचा खर्च होतो. माझ्या अनुभवात साहित्य हे शेवटचे कारण असते. त्याआधी टिपेट (लाइनच्या टोकाचा, माशी जिथे बांधतात तो बारीक दोरा), उंची, मात्रा आणि बांधणी तपासावी, कारण या गोष्टी चुकलेल्या असतील तर उत्तमातले उत्तम साहित्यही तसेच वागते. खालचा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे: आधी फुकटचे, मग वेळ खाणारे, शेवटी पैसे खाणारे.

लक्षणे

काही कास्टनंतर (कास्ट म्हणजे लाइन झोकून माशी पाण्यावर टाकणे) टिपेट सैल सोडले की ते आपोआप वेटोळी घेते आणि गाठीजवळ गुंता होतो. माशी हवेत भिरभिरत असल्याची ही खूण आहे. दोन ताठ पंख सारखे नसले की असे होते.

माशी पाण्यावर उतरते ती कुशीवर, किंवा थेट पंखांवर उलटी. येथे संशय पंखाच्या उंचीचा आणि वजनाचा धरावा.

माशी सरळ उतरते, परंतु थोड्याच वेळात पुढे झुकून नाकावर बुडते. साहित्य जास्त झाले आहे, पाणी पिणारे आहे किंवा त्याला लावलेला फ्लोटंट (माशी तरंगती ठेवणारा लेप किंवा पूड) चुकीचा आहे.

पंख पहिल्या दोन-चार कास्टमध्येच चिरतो आणि त्याचे तंतू सुटे होतात. बदकाच्या उड्डाणपिसाच्या पट्ट्यांत हे नेहमीचे आहे आणि आपल्या कोरड्या हवेत ते अधिक होते.

पंख बांधला तेव्हा उभा होता, पण आता गळाच्या दांडीभोवती फिरून एका बाजूला गेला आहे किंवा मागे आडवा झाला आहे. हा बांधणीचा दोष आहे. साहित्याला बोल लावू नये.

माशीत काहीही खोट नाही, पण पाण्यावर ती दिसतच नाही. हे लक्षण पंखाच्या रंगाचे आहे आणि त्यावरचा उपाय सर्वांत सोपा आहे.

आपली माशी यांपैकी कोणत्या लक्षणाची आहे ते कागदावर लिहून ठेवावे. दोन लक्षणे एकत्र असतील तर आधी पिळाचा माग घ्यावा, कारण पिळलेल्या टिपेटवर चांगली माशीही कुशीवर उतरते.

टिपेट आणि गाठ

पहिली तपासणी माशीची नाहीच. टिपेट माशीच्या मानाने बारीक असेल तर थोडासा विषम पंखही त्याला पिळून टाकतो, आणि तीच माशी एक माप जाड टिपेटवर निमूटपणे चालते. गळाच्या क्रमांकाला तीनने किंवा चाराने भागले की टिपेटचा एक्स-क्रमांक साधारण कळतो (गळाचा क्रमांक मोठा तितका गळ लहान, आणि एक्स-क्रमांक मोठा तितके टिपेट बारीक). १४ क्रमांकाच्या गळाला ४ एक्स किंवा ५ एक्स, म्हणजे सुमारे ०.१८ किंवा ०.१५ मिलिमीटर जाडीचे टिपेट योग्य. पंख मोठे आणि ताठ असतील तर यांपैकी जाड माप घ्यावे. त्याच वेळी गाठ पाहावी: ती गळाच्या डोळ्याच्या (टिपेट ओवायच्या भोकाच्या) एका कडेला सरकून बसली असेल तर माशी तिरकी ओढली जाते आणि दोष पंखावर येतो. गाठ कापून पुन्हा घालायला मिनिटही लागत नाही, म्हणून ही तपासणी कधी टाळू नये.

टेबलफॅनसमोर

गळाच्या टोकामागचा उलटा काटा चिमट्याने दाबून सपाट करावा आणि लहान मुलांना त्या खोलीतून बाहेर पाठवावे. मग सुमारे एक फूट टिपेटला माशी बांधून, टिपेटचे मोकळे टोक हातात धरून, मंद वेगावरच्या टेबलफॅनपुढे तीन-चार फुटांवर उभे राहावे. वाऱ्याने माशी पुढे ओढली जाते आणि तिचा डोळा पंख्याकडे राहतो. कास्ट करताना ती हवेतून जाते त्याच दिशेने. माशी थरथरत असेल, कधी डावीकडे तर कधी उजवीकडे कलत असेल, तर ते ठीक आहे. ती एकाच दिशेने सलग फिरू लागली तर मात्र दोष पक्का समजावा.

या चाचणीचे खरे मोल पुढच्या पायरीत आहे. दोन्ही पंख बोटांनी मागे दुमडून धडावर दोऱ्याच्या एका सैल वेढ्याने दाबून ठेवावेत आणि माशी पुन्हा पंख्यापुढे धरावी. भिरभिर थांबली तर गुन्हेगार पंख आहे. थांबली नाही तर पंखांना मोकळे करावे आणि हॅकलचे (माशीचे पाय म्हणून दांडीभोवती गुंडाळलेल्या पिसाचे) वेढे, शेपटीचा कल किंवा गळाचे वाकणे तपासावे. अशा वेळी पंखाचे साहित्य बदलण्यात खर्च करणे व्यर्थ आहे.

पंख दोषी ठरला तर माशी व्हाइसमध्ये (बांधताना गळ पकडून ठेवणाऱ्या शिकंज्यात) धरून अगदी समोरून, डोळ्याच्या बाजूने पाहावी. दोन्ही पंख उभ्या रेषेपासून सारखेच कललेले, सारख्याच उंचीचे आणि एकमेकांच्या विरुद्ध बाकाचे असले पाहिजेत. उड्डाणपिसाच्या पट्ट्या वापरल्या असतील तर त्यांतली एक डाव्या पंखाच्या पिसातून आणि दुसरी उजव्या पंखाच्या त्याच जागेवरच्या पिसातून आलेली असावी. दोन्ही एकाच बाजूच्या असतील तर दोघींचा बाक एकाच दिशेला जातो, आणि अशी माशी हवेत फिरणारच. सुटी पिसे मिसळून येतात, म्हणून ती आल्या आल्याच डावी-उजवी वेगळी करून दोन पाकिटांत ठेवावीत. कोंबडीच्या पिसांची टोके वापरत असाल तर त्यांच्या फुगीर बाजू एकमेकींकडे ठेवाव्यात, म्हणजे टोके आपोआप दूर कलतात आणि दोन्हीकडे सारखी कलतात.

नदीवरच हा दोष उमगला तर पट्टीचा पंख नखाने मुद्दाम दोन-तीन ठिकाणी चिरावा. हवा त्यातून जाऊ लागते, पीळ कमी होतो आणि ट्राउटला चिरलेल्या पंखाचे काही वाटत नाही. पंखाचे देखणेपण मात्र जाते, आणि पुष्कळांना तेच सोडवत नाही.

परातीतली चाचणी

स्वयंपाकघरातली मोठी परात साध्या पाण्याने दोन-तीनदा खळखळून धुवावी. भांडी घासण्याच्या साबणाचा अंश राहिला तर पाण्याचा पृष्ठताण कमी होतो आणि निर्दोष माशीही बुडते. तेलाचा ओशटपणा राहिला तरी चाचणीवर विसंबता येत नाही. परातीत चार बोटे पाणी घेऊन, फ्लोटंट न लावलेली कोरडी माशी हातभर उंचीवरून सोडावी. ती प्रत्येक वेळी वेगळ्या अंगाने सोडावी: कधी सरळ, कधी कुशीवर, कधी उलटी. दहा वेळा सोडल्यावर आठ वेळा ती पायांवर उतरली तर पंखाचे प्रमाण बरोबर आहे असे मी धरतो. पाच-सहा वेळाच उतरली तर ती नदीवर नेऊ नये.

शेवटी माशी परातीत तशीच तरंगती ठेवून डोळे पाण्याच्या पातळीला आणून बाजूने पाहावे. हॅकलची टोके आणि शेपटी पाण्यावर टेकलेली असावीत. नाक खाली आणि शेपटी वर असेल तर भार पुढे आहे: पंख फार पुढे बांधला आहे, फार भरगच्च आहे किंवा शेपटी तोकडी आहे. एका कुशीला सतत झुकत असेल तर पंखाचे दोन भाग समान वाटले गेलेले नाहीत. परातीत प्रवाह नसतो, लाट नसते, त्यामुळे येथे उत्तीर्ण झालेली प्रत्येक माशी नदीवर चालेलच असे नाही. येथे हरलेली मात्र नदीवर चालत नाही.

फ्लोटंट

माशी नाकावर बुडत असेल आणि पंख सीडीसीचा असेल तर येथेच उत्तर मिळण्याचा संभव फार मोठा आहे. सीडीसी म्हणजे बदकाच्या शेपटीच्या मुळाशी असलेल्या तेलग्रंथीभोवतीची मऊ पिसे. त्यांच्या बारीक उपतंतूंमध्ये हवा अडकते आणि त्या हवेवर माशी तरंगते. त्यांवर जेल फ्लोटंट चोळले की तंतू एकमेकांना चिकटतात, हवेची जागा जाते आणि पंखाचा ओला बोळा होतो. अशी माशी कोमट पाण्यात साबणाच्या एका थेंबाने धुवावी, साध्या पाण्यात नीट खळबळावी, सुती कापडात दाबून टिपावी आणि वाळल्यावर तिच्यावर सिलिकाची कोरडी पूड टाकून हलकी झटकावी. पुष्कळदा एवढ्यानेच ती बरी होते.

केसांच्या आणि पॉलिप्रॉपिलीनच्या (एका प्लास्टिकच्या धाग्याच्या) पंखांना जेल चालते, पण थोडे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो तेव्हा तीच डबी पाण्यासारखी पातळ होते आणि बेताने लावूनही जास्त लागते. हिमाचलात पहाटे ती घट्ट होते आणि बोटावर चोळून सैल केल्याशिवाय पंखाला लागत नाही. घरी तपासलेल्या आणि नदीवर वापरलेल्या माशीत फरक पडतो त्याचे हे एक कारण आहे.

उंची आणि जागा: कर्कटकाने मोजा

शाळेच्या कंपासपेटीतले कर्कटक यासाठी अगदी योग्य आहे. उभ्या पंखाची उंची गळाच्या दांडीच्या लांबीइतकी असावी. पंखाची जागा डोळ्यापासून मागे, दांडीच्या एक-चतुर्थांश ते एक-तृतीयांश अंतरावर असावी. हॅकलचे तंतू गळाच्या तोंडरुंदीच्या (टोक आणि दांडी यांमधल्या अंतराच्या) दीडपट ते दुप्पट आणि शेपटी दांडीइतकी असावी. कर्कटकाचे एक टोक डोळ्याच्या मागे आणि दुसरे वळणाच्या सुरुवातीला टेकवून तेच अंतर पंखावर धरले की पंख किती वाढला आहे ते लगेच दिसते. माझ्याकडे येणाऱ्या उलट्या उतरणाऱ्या माश्यांत पंख उंच झालेला असणे हे सर्वांत जास्त आढळणारे कारण आहे.

उंचीबद्दल इतका आग्रह धरण्याचे कारण केवळ तोल नव्हे. पाण्याखालून वर पाहणाऱ्या ट्राउटला बाहेरचे जग सुमारे ९७ अंशांच्या शंकूतूनच दिसते. त्या शंकूबाहेर पाण्याचा पृष्ठभाग खालचाच तळ परावर्तित करतो. प्रवाहाबरोबर येणारी माशी या गोल खिडकीच्या कडेजवळ पोहोचते तेव्हा प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे तिच्या पंखांची टोके धडाच्या आधी ट्राउटच्या नजरेस पडतात. संथ पाण्यात, जिथे माशाला निरखायला वेळ असतो, तिथे उंचीतली आणि आकारातली चूक त्याला आधी कळते. खळाळत्या पाण्यात ही खिडकी सतत मोडत असते, म्हणून तिथे आकारापेक्षा तरंगणे महत्त्वाचे ठरते. साहित्याची निवडही पुढे याच भेदावर करायची आहे.

उंच झालेला पंख कापून चालेल का, हे साहित्यावर अवलंबून आहे. पॉलिप्रॉपिलीन सुखाने कापावे. केसांची आणि पिसांची निसर्गतः निमुळती टोके कापली की पंख बोथट दिसतो आणि टोकांचा भार तसाच राहतो, म्हणून तिथे माशी उसवून पुन्हा बांधणेच बरे.

मात्रा

१४ क्रमांकाच्या गळावर केसांचा पंख बांधताना, केसांचा झुबका बोटांत दाबून धरल्यावर तो काडेपेटीतल्या काडीहून जाड भरू नये. कंजूषपणा वाटला तरी बांधल्यावर तो पुरेसा दिसतो. केस घेतल्यावर त्यांच्या मुळाशी असलेली लव बारीक कंगव्याने पूर्ण काढावी, कारण ती पाणी धरते आणि बांधणीच्या जागी गाठोडे करते. आपल्या कोरड्या हवेत केस स्थिर विजेमुळे स्टॅकरला (केसांची टोके सारखी करण्याच्या नळीला) चिकटून बसतात आणि टोके सारखी होत नाहीत. स्टॅकर आतून ओलसर कापडाने पुसून घेतला की ही अडचण जाते.

बांधणी: पैसे नाहीत, पण वेळ जातो

येथपर्यंत दोष सापडला नसेल किंवा पंख फिरत-लवंडत असेल तर माशी ब्लेडने उसवावी आणि त्याच साहित्याने पुन्हा बांधावी. नवे साहित्य मागवण्याआधी ही पायरी घ्यायचीच, कारण कच्च्या पायावर कोणतेही साहित्य उभे राहत नाही.

गुळगुळीत दांडीवर पंख थेट बांधला तर तो फिरतोच. आधी पंखाच्या जागेच्या पुढे-मागे दोऱ्याचे एकास एक लागून वेढे द्यावेत. १४ आणि त्याहून लहान गळांसाठी ७० डेनियरचा (डेनियर हे दोऱ्याच्या जाडीचे माप) दोरा पुरतो. जाड दोऱ्याने वेढ्यांची संख्या तीच राहते आणि जाडी वाढते. पंखाचे साहित्य टोके डोळ्याच्या पुढे येतील असे ठेवून, चिमटीत दोऱ्याचा सैल फास घेऊन तो सरळ खाली ओढावा. असे केल्याने दोऱ्याच्या ओढीबरोबर साहित्य पलीकडे घरंगळत नाही. मागची मुळे तिरकी कापावीत, म्हणजे धड उतरते होत जाते. मग पंख अंगठ्याने मागे वाकवून त्याच्या पुढ्यात दोऱ्याचा बांध घालावा, तो उभा राहिल्यावर दोन भाग करून त्यांमधून इंग्रजी आठच्या आकड्यासारखे वेढे द्यावेत, आणि प्रत्येक भागाच्या बुडाशी दोन-तीन आडवे वेढे घ्यावेत. शेवटी सुईच्या टोकाने हेड सिमेंटचा (बांधणी पक्की करणाऱ्या द्रवाचा) एक सूक्ष्म थेंब. थेंब मोठा झाला तर तो केसांतून वर चढतो, पंख कडक आणि जड होतो, आणि सीडीसी तर वायाच जाते.

दोऱ्याला मेण लावणाऱ्यांनी उन्हाळ्यात हात आखडता घ्यावा. मऊ झालेले मेण नको तितके लागते आणि पंखाचे तंतू एकत्र चिकटवते.

पट्टीचे पंख चिरण्याची तक्रारही येथेच मिटू शकते. मार्च ते मे या काळात आपल्याकडे पीस इतके कोरडे होते की बांधतानाच तडकते. पट्ट्या कापण्याआधी ते पीस घट्ट पिळलेल्या ओल्या कापडात अर्धा तास गुंडाळून ठेवावे. बांधून झालेल्या आणि डबीत दबून वाकड्या झालेल्या पंखांना किटलीच्या वाफेवर चिमट्याने काही क्षण धरले की ते पुन्हा सरळ होतात.

साहित्य: शेवटी, पण नीट विचार करून

आता साहित्य बदलायला हरकत नाही. एकाच साहित्याची सर्वत्र शिफारस करता येत नाही; पाणी कोणते, गळ कोणत्या मापाचा आणि लक्षण कोणते, यावर निवड ठरते.

बदकाच्या उड्डाणपिसाच्या पट्ट्या दिसायला सर्वांत रेखीव, आणि पिळाच्या बाबतीत सर्वांत खोडकर. संथ पाणी, जाडसर टिपेट आणि हलका हात असेल तरच त्या घ्याव्यात.

कोंबडीच्या पिसांची टोके हलकी असतात आणि लहान गळांवर छान बसतात. १९२२ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात लिओनार्ड हॅलाडे यांनी बांधलेली ‘अ‍ॅडम्स’ ही माशी याच पंखांची आहे आणि आजही ती ट्राउटवर विश्वासाने वापरली जाते. आपल्या गावरान कोंबडीच्या, विशेषतः काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या, मानेची पिसे पंखासाठी उत्तम आहेत. कोंबड्याची मानेवरची लांब पिसे मात्र ड्राय फ्लायच्या हॅकलसाठी सहसा मऊ आणि जाळीदार पडतात; त्यासाठी खास जोपासलेल्या वाणाची पिसेच लागतात.

बदकाच्या कुशीची रेघारेघांची पिसे झुबक्याने बांधली की त्यांतून हवा जाते, म्हणून पीळ जवळजवळ पडत नाही. पिळाचा त्रास असलेल्याला उभ्या पंखासाठी मी प्रथम हेच सुचवतो. ही पिसे पाळीव बदकाचीच घ्यावीत.

खळाळत्या पाण्यासाठी केस. १९३० च्या सुमारास अमेरिकी हौशी मासेमार ली वुल्फ यांनी नाजूक पिसांऐवजी हरणाच्या शेपटीचे केस पंखाला आणि शेपटीला वापरले, ते जोरदार पाण्यात तरंगणारी आणि टिकणारी माशी हवी म्हणून. पुढे त्या जागी वासराच्या शेपटीचे केस रूढ झाले. हे केस भरीव आणि कुरळे असल्यामुळे १६ आणि त्याखालच्या गळांवर जड होतात; १० ते १४ पर्यंतच त्यांचा हट्ट धरावा. आपल्याकडे त्यांच्या जागी शेळीचे केस चालतात. उस्मानाबादी शेळी बहुतांशी काळी असते, आणि तिच्या करडाचे बारीक काळे केस संध्याकाळच्या चकाकत्या पाण्यावर पांढऱ्या पंखापेक्षा स्पष्ट दिसतात. माशी दिसत नाही अशी तक्रार असलेल्यांनी आधी हा रंग करून पाहावा. शेळीचे केस हरणाच्या केसांसारखे पोकळ नसल्यामुळे तरंगण्याचा भार हॅकलवर पडतो, हे मात्र ध्यानात ठेवावे.

हरणाच्या केसांत हवेच्या पेशी असतात आणि दोरा आवळला की ते पसरतात. १९७० च्या दशकात अल कॉची आणि बॉब नास्तासी यांनी प्रचारात आणलेली ‘कॉम्पाराडन’ ही माशी हॅकलशिवाय केवळ अशा पंख्यासारख्या पसरलेल्या केसांवर उभी राहते, आणि अल ट्रॉथ यांच्या ‘एल्क हेअर कॅडिस’चा पंख एल्कच्या (एका मोठ्या हरणाच्या) केसांचा असतो. या दोन्ही माश्या उपयुक्त आहेत, पण आपल्या देशात येथे एक गंभीर अडचण आहे. काळवीट, चिंकारा, चितळ, सांबर हे सर्व प्राणी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत. शेतात मेलेल्या काळविटाचे केसही घरी आणता येत नाहीत. जायकवाडीवर हिवाळ्यात उतरणाऱ्या बदकांना आणि नायगावच्या मयूर अभयारण्यातल्या कोणत्याही वस्तूला परवानगीवाचून हात लावू नये. हरणाचे केस हवेच असतील तर परदेशी, कागदपत्रांसह आलेले आणि बिलासह विकलेलेच घ्यावेत.

राहिले पॉलिप्रॉपिलीनचे धागे. परभणीचा एक तरुण मला नेहमी विचारतो, “काका, डबीत एकच साहित्य ठेवायचं तर कोणतं?” त्याला माझे उत्तर हेच असते. पॉलिप्रॉपिलीनची घनता सुमारे ०.९ आहे, म्हणजे ते पाण्यापेक्षा हलके आहे. ते पाणी पीत नाही, हवे तसे कापता येते, प्रत्येक रंगात मिळते, स्वस्त आहे, आणि त्याच्या उभ्या खुंटाभोवती हॅकल आडवे गुंडाळून केलेली पॅराशूट माशी परातीत जवळजवळ प्रत्येक वेळी पायांवर उतरते. पिळाचाही प्रश्न उरत नाही, कारण तिथे दोन पंख नसतातच. ज्याला आपले पाणी कसे असेल हे आधी ठाऊक नाही, त्याने पंधरा दिवसांच्या प्रवासासाठी याच पंखाच्या माश्या अधिक बांधाव्यात.

दुकानात मात्र पॉलिप्रॉपिलीन समजून दुसराच धागा गळ्यात पडतो. लोकरीच्या दुकानातला बहुतेक धागा अ‍ॅक्रिलिकचा असतो, शिवणकामाचा पॉलिएस्टरचा, आणि नायलॉनही सर्वत्र आहे; हे तिन्ही पाण्याहून जड आहेत. ओळखण्यासाठी धाग्याचा सेंटिमीटरभर तुकडा पिंजून काचेच्या पेल्यातल्या पाण्यात टाकावा, पाण्यात साबणाचा एक थेंब घालावा आणि चमच्याने तुकडा तळाशी दाबून त्यातले बुडबुडे काढावेत. साबणामुळे पृष्ठताणाचा आणि बुडबुड्यांचा आधार जातो. त्यानंतरही जो तुकडा वर येतो तो पॉलिप्रॉपिलीन, जो खाली बसतो तो टाकून द्यावा. परातीच्या चाचणीत साबण वर्ज्य आणि येथे आवश्यक, हा फरक विसरू नये. नाकावर बुडणाऱ्या ‘पॉली’ पंखाच्या माश्या येतात तेव्हा मी प्रथम हा पेला भरतो.

सीडीसी संथ पाण्यासाठी आणि १६ ते २० क्रमांकाच्या लहान गळांसाठी उत्कृष्ट आहे, परंतु मासा लागल्यावर ती चिकट स्रावाने माखते आणि धुऊन, टिपून, पूड लावूनच पुन्हा तरंगते. धीर नसलेल्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

कुठे थांबावे

तीन निरनिराळ्या साहित्यांचे पंख, मोजून आणि नीट बांधूनही, पंख्यापुढे एकाच दिशेने फिरत असतील तर स्वतः आणखी प्रयोग करू नयेत. दोष बहुधा व्हाइसच्या जबड्यांत असतो: गळ बांधताना किंचित वळतो आणि प्रत्येक माशी तिरक्या पायावर उभी राहते. जबडे घासून दुरुस्त करण्याचा प्रयत्न न करता व्हाइस जाणकाराला दाखवावा. माशी न बांधताही लाइनला पीळ पडत असेल तर तो प्रश्न कास्टिंगचा आहे आणि तो शिकवणाऱ्याकडेच सुटतो.

एखाद्या केसांचा किंवा पिसांचा उगम सांगता येत नसेल तर ते वापरण्याआधी वन विभागाच्या कार्यालयात विचारावे. कच्ची पिसे आजारी किंवा अचानक मेलेल्या पक्ष्यांची कधीही घेऊ नयेत. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावात कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू आढळला होता. परिसरात अशी मरतूक दिसली तर पिसे गोळा करणे सोडून पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवावे. गळ बोटात उलट्या काट्यापलीकडे रुतला, किंवा डोळ्याच्या जवळपास कुठेही लागला, तर तो घरी ओढून काढू नये. जसा आहे तसाच ठेवून डॉक्टरांकडे जावे.

व्यावसायिक बांधणाऱ्याकडे माशी पाठवायची झाली तर दुरुस्त करून पाठवू नये. जी सर्वांत वाईट उतरते तीच, उसवल्याशिवाय, तिच्या टिपेटच्या तुकड्यासह आणि न वापरलेल्या साहित्याच्या चिमूटभर नमुन्यासह पाठवावी. सोबत गळाचा क्रमांक, परातीतल्या दहा सोडण्यांचा निकाल आणि पंख्यापुढे ती कोणत्या बाजूला फिरते हे लिहावे, म्हणजे त्याला त्याच दिवशी निदान सांगता येते.